बिबटेकाका

राष्ट्रीय उद्यानाला दोन फाटके असतात. पहिले वनखात्याचे. तिथे तिकीट काढले की आत सोडतात. दुसरे बिबटेकाकांचे. तिथे तिकीट चालत नाही, लायकी लागते.

काकांचे खरे नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण पोरांनी ठेवलेले हेच सगळीकडे चालते. चाळीसेक वर्षे बँकेत काढली. काउंटरच्या जाळीमागून जगाकडे बघायची आणि समोरच्याच्या कागदात काहीतरी अपुरे आहे असे गृहीत धरायची सवय तिथे लागली, ती निवृत्तीनंतर जंगलाच्या कामी आली. सकाळी सहाला ते पार्काच्या वाटेवर उभे असतात: हिरवट पँट, तिला नको तितके खिसे, गळ्यात दुर्बीण, हातात वही आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे ‘सही जुळत नाही’ अशी नजर.

मुंबईत ‘नॅशनल पार्क’ म्हटले की पुढे कुठले ते विचारावे लागत नाही. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरायचे आणि चालत सुटायचे. शंभर चौरस किलोमीटरहून मोठे जंगल, चहूकडून इमारतींनी घेरलेले, पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, शे-सव्वाशे कोरीव लेणी, वारल्यांचे पाडे आणि बिबटे. जगातल्या कुठल्याही शहराने मिशीला पीळ द्यावा अशी ही चीज आहे. काकांचे दुःख नेमके इथेच सुरू होते. राष्ट्रीय उद्यानाला लोकल जाते, हीच त्यांना मुळातली चूक वाटते. खऱ्या जंगलाला पोहोचायला रात्रीची गाडी, पहाटेचा चहा आणि थोडा अपमान हवा. इथे विरारहून माणूस सेकंड क्लासच्या तिकिटावर येतो आणि बायकोला म्हणतो, “चल, हरणं बघू.”

ताडोबा त्यांना मानवतो. 1955 पासूनचे राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातले सर्वांत जुने. आगाऊ बुकिंग, जिप्सी, गाइड, गाभा क्षेत्रात मोबाइलला बंदी. “तिथे पब्लिक नसतं,” असे ते समाधानाने सांगतात आणि त्याच दमात एका वाघिणीभोवती उभ्या राहिलेल्या डझनभर जिप्स्यांचा फोटो दाखवतात. ती गर्दी नव्हे, ते सायटिंग. तळ्याकाठच्या ज्या तारू देवावरून ताडोबा हे नाव आले, त्याच्या पौषातल्या जत्रेला पंचक्रोशीतले गोंड लोक पार्क व्हायच्या आधीपासून चालत येत आले आहेत, हे मी एकदा सुचवून पाहिले. “जत्रा वेगळी, जंगल वेगळं,” काका म्हणाले. देव एकच आहे, झाड तेच आहे, तळे तेच आहे. पण काकांच्या खातेवहीत दोन्हींची पाने निराळी. तिथल्या सफरीत गावचीच एक बाई त्यांना गाइड म्हणून लाभली होती. काकांनी तिला वाटभर वाघाविषयी माहिती दिली. तिने ती ऐकून घेतली.

तर बोरिवलीत कोण कोण नापास होते, ते पाहू.

पहिले म्हणजे डबेवाले कुटुंब. आठ माणसे, पुरीभाजी, एक चटई, बॅडमिंटनची एक रॅकेट (दुसरी घरी राहिलेली) आणि एक आजी, जिला ‘जरा हवा लागेल’ म्हणून आणले आहे. आजी झाडाला टेकून बसते आणि तासभर वर पानांकडे बघत राहते. काका तिची नोंद ‘निष्क्रिय पर्यटक’ अशी करतात.

दुसरी जोडपी. यांच्यावर काकांचा विशेष राग. मला मात्र ही माणसे पक्षीनिरीक्षक म्हणून फार वरच्या दर्जाची वाटतात. ती एका जागी तासन्‌तास हलत नाहीत, कुजबुजीपलीकडे आवाज नाही, झुडपाचा आडोसा उत्तम निवडतात आणि कोणी येताना दिसले की श्वास रोखतात. पुस्तकात दिलेले सगळे नियम पाळणारे तेवढेच. काका मात्र वाळक्या पानांवरून पाय आपटत, घसा खाकरत त्यांच्या दिशेने निघतात, आणि अर्धे पक्षी त्यानेच उडतात.

तिसरा हास्यक्लब. यात काकू आहेत, त्यामुळे काका याविषयी घरी बोलत नाहीत. बाहेर बोलतात. सव्वासहाला गडगडाटी हसल्याने रातव्यांच्या विणीवर परिणाम होतो, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

आणि चौथी स्पीकर घेऊन येणारी पोरे. इथे मी काकांच्या बाजूचा. माकडांना वेफर खिलवणारे, हरणाच्या तोंडासमोर प्लास्टिकची पिशवी नाचवणारे, यांना काका अडवतात तेव्हा त्यांच्यामागे उभे राहावेसे वाटते, आणि मी राहतोही, जरा मागे. वेफरची चटक लागलेले माकड पुढे पोराच्या हातावर झडप घालते आणि बोल माकडालाच लागतो. काकांचा दोष एवढाच, की स्पीकर आणि पुरीभाजी त्यांना एकाच कलमाखाली दिसतात.

कलम म्हणालो, कारण 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना तोंडपाठ आहे असा त्यांचा दावा आहे. मी तो काढून वाचला. परवानगी कशाकशासाठी द्यावी याची यादी त्यात आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, आणि पर्यटन. हे दाखवल्यावर काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, “पर्यटन लिहिलंय. पब्लिक कुठे लिहिलंय?”

आतल्या पाड्यांवरच्या वारल्यांपुढे मात्र त्यांची पंचाईत होते. ही माणसे वाघोबाला पुजतात, बिबट्याच्या वाटा त्यांना ठाऊक आहेत आणि उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून ती इथे आहेत. ती ‘व्हिजिटर’ नव्हेत, त्यामुळे त्यांना नापास करता येत नाही. पण पासही कसे करावे हे काकांना कळत नाही. उन्हाळ्यात वाटेवर एक म्हातारी पानाच्या द्रोणातून करवंदे विकायला बसते. काकांना ती वर्षानुवर्षे पाहते आहे. एकदा तिने न राहवून विचारले, “बाबा, रोज येतो, रोज शोधतो. काय हरवलं का तुझं?”

हरवले होते ते असे: काकांना बिबट्या दिसलेला नाही. एवढी वर्षे, एवढे खिसे, आणि एकदाही नाही. ठसे दिसले, विष्ठा दिसली, झाडावरचे ओरखडे दिसले. बिबट्या हास्यक्लबातल्या दोघींना दिसला, दूध टाकणाऱ्याला दिसला आणि रात्री दोनच्या सुमारास आमच्याच सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून कुत्र्याच्या शोधात सावकाश चालत जाताना वॉचमनला दिसला, तोही सीसीटीव्हीवर. काका वरच झोपले होते. सकाळी सगळ्यांनी मिळून त्यांना क्लिप दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि फोन परत दिला. “सोसायटीतला बिबट्या सायटिंगमध्ये धरत नाहीत.”

त्यांना लपवायलाही फार आवडते. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. 2016नंतर 2024ला ती फुलणार हे काकांना अर्थातच ठाऊक होते, आणि जागा कुणाला सांगायची नाही हे त्यांनी ठरवून टाकले होते. सप्टेंबर उजाडला आणि उतारच्या उतार जांभळे झाले. लोक मोबाइल घेऊन लोटले. अख्खी टेकडी लपवता येत नाही, याचा काकांना मनस्ताप झाला. “आता पुढची 2032,” असे ते मला बजावून म्हणाले, जणू काही तेव्हा ते स्वतः कुलूप घालणार आहेत. सोमवारी पार्क बंद असते. तो त्यांचा आवडता वार. आत कोणीही नसते. तेही नसतात, एवढेच त्यांना खुपते.

एकदा अंध मुलांची शाळा आली. वीसेक मुले, दोन बाई, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून संथ चाललेली रांग. काका माझ्या कानाशी म्हणाले, “आता ही काय बघणार?” बाईंनी मुलांना सागाचे पान चुरगळायला लावले, बोटे तांबडी होतात म्हणून सांगितले. कारवीची काठी, करंजाची साल, दगडावरचे शेवाळ सगळ्यांच्या हाताखालून गेले. तेवढ्यात तांबटाची ठोकाठोक सुरू झाली. काकांनी वहीत वेळ टाकली: तांबट, एक. रांगेतला एक मुलगा म्हणाला, “बाई, दोन आहेत. एक इथे वर. दुसरा लांब आहे, याचं झालं की तो सुरू करतो.” सगळे थांबले. खरेच दोन होते. काकांनी ‘एक’ खोडून ‘दोन’ केले आणि बँकेच्या सवयीने दुरुस्तीशेजारी छोटी सही केली. त्या दिवशी ते रांगेच्या शेवटपर्यंत मागून चालत गेले. देखरेख करायला, असे म्हणाले.

या सगळ्यात खरी ठिणगी पडली ती बाकांवरून. हास्यक्लबातल्या बायकांनी वनखात्याला अर्ज केला. मागण्या फार नव्हत्या: वाटेत जागोजाग बाक, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, चाकांची खुर्ची जाईल असा एखादा तरी सपाट रस्ता, मोठ्या अक्षरांतल्या मराठी पाट्या आणि दारापासून सहा-सात किलोमीटरवरच्या कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत म्हाताऱ्या माणसांना सहज मिळेल अशी गाडी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेखही एकीच्या वकील सुनेने घालून दिला होता. काकूंनी सह्या गोळा केल्या. काकांनी त्याच टेबलावर बसून विरोधी अर्ज लिहिला. त्याचे पहिले कलम मला अजून पाठ आहे: ‘बाक ठेवल्यास माणसे त्यावर बसतील, असा धोका संभवतो.’

“अहो, बसण्यासाठीच असतो बाक,” काकू म्हणाल्या.

“जंगल ही बसायची जागा नाही. चालायची आहे.”

इथे मला कान्हेरी आठवली. दोन हजार वर्षांपूर्वी या काळ्या बसाल्टात छिन्नी घालणाऱ्यांनी पहिल्यांदा काय केले? चढायला पायऱ्या खोदल्या, बहुतेक लेण्यांपाशी पाण्याची टाकी खोदली आणि व्हरांड्यात बाक कोरले. सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांनी या कामाला दान दिल्याचे तिथले शिलालेख सांगतात. तेव्हाही जंगलच होते, आजच्यापेक्षा दाट, आणि वाघही असणार. त्या बाकावर बसून पाहिले की समोर अख्खे खोरे उघडते. बसवणाऱ्याने जागा नीट विचार करून निवडली आहे.

“ते भिक्षू होते,” काका म्हणाले. “गप्प बसायचे.”

मग मी पारशी मंडळींचा पत्ता टाकला. 1009 साली काही पारशी कान्हेरी बघायला आले आणि पहलवी लिपीत आपली नावे दगडावर कोरून गेले. 1021 मध्ये आणखी काही आले, त्यांनीही तेच केले. हजार वर्षांपूर्वीची सहलच ती. डबा काय होता तेवढे कोरायचे राहिले. काका यावर एकदम गंभीर झाले. ती नावे म्हणजे ऐतिहासिक दस्तऐवज, आणि खाली पायऱ्यांपाशी ‘पप्पू लव्ह सोनी’ कोरणाऱ्याला मात्र कायद्याने शिक्षा व्हायला हवी, असे त्यांचे मत. मलाही पप्पूला मोकळा सोडायचा नाही. “पप्पूने फक्त घाई केली,” काकू आतून म्हणाल्या. “हजार वर्षं थांबला असता तर तुम्हीच त्याचा फोटो काढला असता.”

दोन्ही अर्ज गेले. पावसाळा गेला. आणि काकांचा डावा गुडघा गेला.

गुडघा दुखतो, असे काका म्हणत नाहीत. ते थांबतात, दुर्बीण डोळ्याला लावतात आणि समोरच्या रिकाम्या फांदीकडे बराच वेळ रोखून पाहतात. आधी मला वाटले, काही दुर्मिळ दिसले असेल. मीही फांदी न्याहाळायचो. नंतर लक्षात आले, की दर दोनशे पावलांवर त्यांना काहीतरी दुर्मिळ दिसते आहे. वाटेत झाडाला टेकलेली एखादी आजी दिसली, की ते तिच्याकडे थोडे जास्त वेळ बघतात. ‘निष्क्रिय पर्यटक’ ही नोंद अलीकडे वहीत आलेली नाही.

एके दिवशी त्यांनी मला बरोबर घेतले आणि आम्ही वनखात्याच्या कचेरीत गेलो. नवा अर्ज होता, टाइप केलेला. त्यात बाक हा शब्द कुठेही नव्हता. ‘गंभीर निरीक्षकांसाठी दर अर्ध्या किलोमीटरवर आसनयुक्त निरीक्षणस्थळ’ अशी मागणी होती. पायऱ्यांना कठडा हवा होता, तोही ‘कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी’. कान्हेरीच्या गाडीचाही उल्लेख होता: ‘अवजड लेन्सच्या वाहतुकीस्तव’.

कारकुनाने अर्ज वाचला, वर काकांच्या पँटीकडे पाहिले, कपाटातून एक फाइल काढली आणि पाने उलटली.

“याच विषयाचा अर्ज आधी आलेला आहे, साहेब. हास्यक्लबाचा. त्यालाच जोडून घेतो.”

“तो विषय वेगळा आहे,” काका म्हणाले.

“बाक, कठडा, गाडी. तेच आहे.” टाचणी लागलीसुद्धा. “याच विषयावर एक विरोधाचाही अर्ज आहे कुणाचा तरी. बाकावर माणसं बसतील म्हणून. सही नीट लागत नाही.” त्याने तो कागद काकांपुढे धरला. “तुम्हाला वाचता येतेय का बघा.”

काकांनी आयुष्यभर लोकांच्या सह्या जुळवल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, सावकाश पाहिला.

“नाही लागत,” म्हणाले आणि परत दिला.

घरी काकूंना सगळे माझ्याकडून कळले. त्यांनी क्लबाची वही काढून अर्जदारांच्या यादीत काकांचे नाव घातले, आणि आता सभासद म्हणून वर्षाची वर्गणी द्यावी लागेल असे सांगितले. काकांनी कुरकुर केली, सव्वासहाला हसणार नाही असे स्पष्ट केले, पैसे मोजून दिले आणि पावती मागितली.