पाठीवरचा पैलवान

पूर्वी उपनगरातला मराठी गृहस्थ पंचेचाळिशीत शिरला की त्याच्यापुढे तीन वाटा असत: मधुमेह, अध्यात्म किंवा सोसायटीचं सेक्रेटरीपद. काही भाग्यवंतांना तिन्ही एकदम लाभत. अलीकडे चौथी निघाली आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीचे सुस्थितीतले, गृहकर्जाचे शेवटचे हप्ते भरणारे गृहस्थ संध्याकाळी खांद्याला लांबोडकी बॅग अडकवून बाहेर पडतात, विशीतल्या एखाद्या पोराकडून गळा आवळून घेतात आणि दहाच्या सुमारास प्रसन्न चेहऱ्याने घरी येतात. याचे पैसे ते स्वतःच्या खिशातून भरतात.

मी ज्यांच्याबद्दल सांगतोय ते आमच्याच मजल्यावर राहतात. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असा एक तुमच्याही इमारतीत असणार. वय 46, बँकेत मॅनेजर, मुलगी बारावीला, वजन 85 च्या पुढेमागे. घाटकोपरच्या पंतनगरातली आमची जुनी इमारत पाडून उंच बांधली तेव्हा त्यांना जास्तीची एक खोली मिळाली. ती मुलीच्या अभ्यासासाठी होती. आता तिच्यात रबराच्या गाद्या अंथरल्या आहेत आणि मुलगी डायनिंग टेबलवर अभ्यास करते.

हे वेड लागलं कसं, याच्या दोन आवृत्त्या आहेत. ते स्वतः सांगतात, की 2012 च्या मार्चमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात सुपर फाइट लीग या मारामारीच्या स्पर्धेचा पहिला कार्यक्रम झाला, बॉब सॅप नावाचा महाकाय गडी पाय दुखावून दोन मिनिटांच्या आत हरला, आणि ते पाहत असतानाच आपल्या मनात ठिणगी पडली. वहिनी सांगतात, की त्या रविवारी हे डोंबिवलीला माझ्या भाच्याच्या बारशाला होते आणि बासुंदी दोनदा मागून घेतली होती. खरं कारण रक्ताच्या रिपोर्टमध्ये होतं. त्यातले सगळे आकडे ठळक अक्षरांत आले होते आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालायला सांगितलेला माणूस थेट मारामारीला लागला, त्याला डॉक्टर काय करणार?

आधी बॉक्सिंग झालं. ग्लोव्हज आले, दोरीवरच्या उड्या सुरू झाल्या, खालच्या मजल्यावरून तक्रार आली. त्या दिवसांत लिफ्टमध्ये कुणी एकटं सापडलं की जॉर्ज फोरमन सुरू व्हायचा. नोव्हेंबर 1994, वय 45, समोर आपल्यापेक्षा कितीतरी तरुण मायकल मूरर. तळमजल्याला घंटा व्हायची आणि दहाव्या मजल्यावर, बरोबर दहाव्या फेरीत, मूरर आडवा पडायचा. आम्ही सगळे शेजारी त्या लढतीचे प्रत्यक्षदर्शी झालो आहोत. पण पुढे त्यांना कळलं, की फोरमन पडला व्यावसायिक. ऑलिम्पिकच्या वाटेवरच्या हौशी बॉक्सिंगमध्ये चाळिशी ओलांडली की रिंगणाचं दार बंद. हौस ज्या वयात सुरू होते नेमक्या त्याच वयात हौशी खेळाडूला बाहेर काढणारा हा नियम त्यांना फार लागला. ग्लोव्हज माळ्यावर गेले.

आणि मग त्यांना ब्राझिलियन जिउ-जित्सू भेटलं.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या खेळात मध्यमवयीन माणसाची जी सोय आहे ती दुसऱ्या कशातही नाही. आपल्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की संपलं, माणूस चीतपट. जिउ-जित्सूत पाठीवर पडणं हा पराभव नाहीच. ती एक रीतसर स्थिती आहे, तिला गार्ड म्हणतात. खाली पडलेला दोन्ही पायांनी वरच्याला विळखा घालतो आणि तिथूनच हात पिरगाळतो, मान आवळतो, जमलं तर उलथून टाकतो. उलथून वर आल्याचे दोन गुण. पायांचा विळखा पार करून गेलात तर तीन. छातीवर बसलात किंवा पाठीवर स्वार झालात तर चार. नुसता पोटावर गुडघा रोवला तरी दोन मिळतात, आणि आमच्या गृहस्थांच्या बाबतीत त्यासाठी समोरच्याला जागा शोधावी लागत नाही. दिवसभर थकलेल्या कर्जांच्या फायली पाहिलेल्या आणि परतताना लोकलमध्ये एका पायावर उभं राहिलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की आडवे व्हा, हाच डाव आहे, तर तो आजन्म सभासद होईल नाही तर काय!

क्लास अंधेरी पश्चिमेला. आमच्या बाजूला असे क्लास नाहीत असं नाही, पण अंधेरीच्या क्लासला मालिकांमधले दोन नट येतात. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 2014 च्या जूनमध्ये सुरू झाली नसती तर ही हौस साकीनाक्याच्या सिग्नललाच विझली असती, असं माझं मत आहे. त्यांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, पंचवीस वर्षं सकाळच्या गर्दीत चढणाऱ्याला वेगळं शिकायची गरजच नसते. दारातल्या माणसाच्या काखेतून आत शिरणं, कोपराने जागा करणं, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर तोल धरणं, ही सगळी पायाभरणी आहे. पुढे अंधेरीत फक्त डावांची नावं कळली.

कोच चोवीस वर्षांचा, जोगेश्वरीचा. अत्यंत अदबशीर. गळा आवळतानाही ‘सर’ म्हणतो. ‘सर, टॅप करो ना सर, प्लीज.’ या खेळात डाव बसला की तळव्याने दोनदा थोपटायचं, समोरचा लगेच सोडतो. पण मॅनेजर माणूस. हाताखालच्यांपुढे ‘चुकलं’ म्हणायची सवय नाही. सुरुवातीला त्यांनी थोपटलंच नाही. परिणामी मान अशी धरली, की बँकेत कुणी डावीकडून हाक मारली तर खुर्चीसकट वळावं लागे. कर्मचाऱ्यांना वाटलं साहेबांचा दरारा वाढलाय. शेवटी त्यांना शहाणं केलं ते रुपारेलला शिकणाऱ्या, जेमतेम बावन्न किलोच्या एका मुलीने. तिने मागून पाठीवर चढून मान अशी आवळली, की डोळ्यांपुढे निवृत्तिवेतन दिसलं. सोडताना म्हणाली, ‘सॉरी काका.’ त्या दिवसापासून ते व्यवस्थित थोपटतात. आता तर कधी कधी डाव बसायच्या आधीच.

घरच्यांचे मात्र हाल बघवत नाहीत. या खेळाचा पोशाख, त्याला ‘गी’ म्हणतात, गोधडीइतका जाड. पावसाळ्यात तो वाळत नाही. बाल्कनीतल्या वरच्या दांडीवर तो चार-चार दिवस ओला लोंबतो आणि खालून जाणाऱ्यांवर ठिबकतो. त्यात श्रावणात अंगावर नायटा उठला. गादीवर इतकी अंगं घासली जातात तिथे हा पाहुणा ठरलेला. वहिनींनी त्यांचा टॉवेल, साबण आणि उशी वेगळी केली आणि मलमाची ट्यूब देव्हाऱ्याशेजारी ठेवली, म्हणजे दोन्ही वेळा आठवण राहील. त्यांचं म्हणणं एकच आहे: ‘अहो, घरातल्या गाद्या गच्चीत उन्हाला टाका म्हटलं की यांच्या पाठीत उसण भरते. आणि तिकडे दुसऱ्याच्या गादीवर लोळायला सोसायटीच्या मेंटेनन्सपेक्षा जास्त पैसे मोजतात!’

पण या घरातले खरे तज्ज्ञ आहेत ते आमच्या गृहस्थांचे वडील. कऱ्हाडकडचे. तरुणपणी मुंबईत आले, गिरणीत लागले, पाळी संपली की परळच्या तालमीत लाल माती अंगाला लावायची. 1982 च्या संपात गिरणी गेली, पण मनगट राहिलं. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरला त्यांची आत्या दिली होती. 1952 च्या हेलसिंकीच्या कांस्यपदकात ते स्वतःचा थोडा वाटा धरतात.

मुलाने मोठ्या हौसेने मोबाईलवर स्वतःची क्लिप दाखवली.

‘खाली कोण, तू?’

‘हो, पण अण्णा, तो गार्ड आहे. ती एक—’

‘पाठ टेकलीय?’

‘टेकलीय, पण यात—’

‘मग पुढचं कशाला दाखवतोस?’

मुलाने इतिहासाचा आधार घेतला. जपानचा ज्युडोवाला मितसुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोचला, तिथे त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्याकडे गेली, त्यांनी ती वाढवली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘चौदा साली? कोल्हापूरला शाहू महाराजांचं कुस्तीचं मैदान, खासबाग, बारा सालीच बांधून झालं होतं. तुझा तो माणूस बोटीतून उलट्या दिशेला गेला.’

गंमत अशी, की याच मुलाला त्यांनी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या तालमीत घातलं होतं. पुढच्या वर्षी आईने त्याला काढून स्कॉलरशिपच्या क्लासला बसवलं. कुस्तीने पोट भरत नाही, हे आईचं बरोबरच होतं. आपल्या निम्म्या मराठी मध्यमवर्गाने असंच तालमीतून पोरगं उचलून क्लासला बसवलंय. फुकटची माती त्या वेळी सोडली. आता पोट भरल्यावर, खरं तर जरा जास्तच भरल्यावर, तोच मुलगा मेट्रोचं तिकीट काढून, महिन्याची फी भरून, ब्राझीलमार्गे परत मातीच्या जवळपास येऊ पाहतोय. अण्णांना हे कळत नाही असं नाही. रात्री त्या जास्तीच्या खोलीतून आवाज येतात: ‘मनगट असं नाही धरायचं. अंगठा आत. अंगठा आत घे गाढवा!’

यानंतर स्पर्धा आली. येणारच होती, कारण या जातीच्या माणसाला नुसतं तब्येत सुधारून भागत नाही, पुरावा लागतो. फोरमन एव्हाना मागे पडला होता. त्याच्या जागी जगप्रसिद्ध बल्लवाचार्य अँथनी बोर्डेन आला होता, ज्याने साठीला टेकलेला असताना, 2016 साली न्यूयॉर्कमध्ये, 51 वर्षांवरच्यांच्या गटात सुवर्ण मिळवलं. या खेळात तिशीपासून वयाचे गट पडतात: 30, 36, 41, 46 असे पुढे साठीपार. आमचे गृहस्थ 46 च्या गटात सर्वांत तरुण ठरत होते. कित्येक वर्षांत त्यांना कशातही तरुण ठरायची संधी मिळाली नव्हती.

अडचण वजनाची होती. गटाची मर्यादा 82.3 किलो, तीही अंगावर तो जाडजूड गी घालून. मधे गणपती. घरात उकडीचे मोदक होत असताना हा माणूस काकडी खात बसला. सासूबाई सत्यनारायण बोलल्या, कारण जावई मोदकाला नाही म्हणतो म्हणजे डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि आपल्यापासून लपवलंय अशी त्यांची खात्री झाली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. अकराची वेळ दिली होती; लहान मुलांच्या लढती संपता संपता साडेचार वाजले. गटात एकूण दोघे. दुसरे बोरिवलीचे चार्टर्ड अकाउंटंट, गुडघ्याला पट्टा. रांगेत उभे असताना दोघांची छान ओळख झाली. गुडघ्यांची चौकशी झाली, फिजिओथेरपिस्टचा नंबर दिला-घेतला गेला, मुलींच्या बारावीचा विषय निघाला. मग पंचांनी बोलावलं आणि दोघे एकमेकांच्या गळ्यांना भिडले.

पाच मिनिटांची लढत. पहिली तीन मिनिटं दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरून दम घेतला. चौथ्या मिनिटाला जे झालं ते आजही आमच्या इमारतीत कुणाला खरं वाटत नाही: बोरिवलीकर पुढे झुकले, आमच्या गृहस्थांनी खालून त्यांना चक्क उलथवलं आणि छातीवर बसले. दोन आणि चार, सहा गुण. लढत खिशात होती. नुसतं बसून राहायचं होतं, आणि बसून राहण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता. पण प्रेक्षकांतून अण्णांना राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पोरगं वर दिसत होतं. ते उभे राहून ओरडले, ‘अरे, शड्डू ठोक!’

आणि त्यांनी ठोकला. छातीवर बसल्या बसल्या स्वतःच्या मांडीवर, दोनदा, खणखणीत.

पंचांनी तात्काळ लढत थांबवली. नियम स्पष्ट आहे: समोरच्याच्या अंगावर, जमिनीवर किंवा स्वतःच्याच अंगावर तळव्याने थोपटलं तरी तो पराभव मान्य केल्याचा इशारा. खालून बोरिवलीकर विजयी झाले. ते भले गृहस्थ, पंचांना म्हणाले, ‘साहेब, असू दे, चुकून झालं.’ ऐकतो कोण! कोच कपाळाला हात लावून ‘सर… सर…’ एवढंच म्हणत होता. अण्णा मात्र ठाम होते. जिंकलेल्या पैलवानाने शड्डू ठोकायचा नाही, असला खेळ त्यांनी पाहिला नव्हता आणि यापुढे पाहणारही नव्हते.

रौप्यपदक मिळालं. दोघांत दुसरे आले, हा तपशील कौटुंबिक ग्रुपवरच्या फोटोखाली नव्हता. दुसऱ्या दिवशी फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यात पदकविजेत्याचा फोटो पासपोर्टच्या आकाराचा आणि शुभेच्छुक भावी नगरसेवकाचा पूर्णाकृती. रक्ताचा नवा रिपोर्ट आला, त्यातले ठळक आकडे बरेच पुसट झालेत. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष उजव्या कानाकडे आहे. पैलवानाचा कान घासून, रक्त साकळून सुजतो आणि कायमचा गोळा होतो. तसं आपल्याला काही होतंय का, हे ते लिफ्टच्या आरशात रोज पाहतात. अजून काही झालेलं नाही, पण कुणी ‘कान जरा लाल दिसतोय’ म्हटलं तर त्याला चहा मिळतो.

पुढची स्पर्धा जानेवारीत आहे. या खेपेला गटात तिघे आहेत आणि बोरिवलीकरांनी दोघांची नावं एकदमच नोंदवली आहेत. अण्णांना घरी ठेवायचं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ते अण्णांना कुणी सांगायचं, यावर नाही.