गॅपवाले आप्पा

वेळापुरात कंबर धरलेला माणूस त्याच्या घरी सापडत नाही. तो स्टँडवर असतो, डेअरीवर असतो, अर्धनारी नटेश्वराच्या देवळापाशी असतो. तिथंही बसलेला नसतो, उभा असतो. दर गल्लीत असा एक आहे. कुठं त्याला तात्या म्हणतात, कुठं नाना. आमच्या आळीत आप्पा.

ओळखायची खूण सोपी. पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या वरून कमरेचा पट्टा. पट्टा आतून बांधला तर तो लोकांना दिसणार कसा, असा आप्पांचा सवाल असतो. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत एमआरआयची फिल्म. कुणी नुसतं "काय आप्पा, बरं हाय का?" म्हटलं की फिल्म बाहेर निघते, उन्हाकडं धरली जाते आणि चहाच्या टपरीवरची पाच-सहा माणसं चंद्रग्रहण बघावं तशी वर बघायला लागतात.

"ह्यो बघ. एल चार, एल पाच. गॅप पडलाय."

आता खरं सांगायचं तर गॅप पडलेला नसतो, असलेला कमी झालेला असतो. दोन मणक्यांमधली चकती झिजते, मणके जवळ येतात, चकती बाहेर सरकली तर नस दाबते आणि कळ कुल्ल्यातून टाचेपर्यंत जाते. पण सगळ्या महाराष्ट्रात मणक्यात गॅपच पडतो. रस्त्याला खड्डा पडतो, पावसात खंड पडतो, तसा मणक्यात गॅप. हे मी आप्पांना एकदा समजावून सांगायला गेलो. ते म्हणाले, "म्हंजे गॅप गेला? मग बराच झालो की!" आणि समोरची दुधाची किटली उचलायला वाकले. चारजणांनी धरलं.

कंबर गेली कशी, याची हकीकत दर आठवड्याला वाढत गेली. पहिल्यांदा उसाची रिकामी ट्रॉली चिखलात रुतली होती आणि आप्पांनी खांदा दिला होता. पुढच्या आठवड्यात ट्रॉली भरली. त्याच्या पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरही बंद पडला. त्यांच्या घरी काकींचं म्हणणं वेगळं आहे. पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला वाकले आणि तसेच राहिले. चप्पल अजून तिथंच आहे.

आधी गावानं ती उसण ठरवली. उसणीला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ लागते, हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या आळीत पायाळू एकच, तिसरीतली पोरगी. आप्पा ओट्यावर पालथे झोपले. पोरीनं हळूच पाय लावायचा असतो, पण त्या दिवशी तिचा गणिताचा पेपर झाला होता. आप्पांचा आवाज चौकापर्यंत गेला. मग निरगुडीचा शेक झाला, रुईची पानं झाली, कुणीतरी बिब्बा आणला तो काकींनी परत पाठवला, आणि शेवटी स्वारी अकलूजला डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टर भले निघाले. म्हणाले, "पडून राहू नका, हिंडतं-फिरतं राहा, पण वाकून ओझं उचलायचं नाही." या वाक्यातला "पण" आप्पांनी ऐकलाच नाही. तसा सल्ला अगदी शास्त्राला धरून होता. पूर्वी कंबर धरली की आठवडेच्या आठवडे फळीवर झोपवत. 1995 साली फिनलंडात हेलसिंकी शहराच्या नोकरदारांवर हे तपासलं गेलं. काहींना झोपवलं, काहींना कमरेचे व्यायाम दिले आणि काहींना सांगितलं, झेपेल तसं रोजचं चालू द्या. हे तिसरे लवकर बरे झाले. पण हेलसिंकीच्या नोकरदाराला रोजचं म्हणजे किती असणार? आप्पांच्या रोजच्यात दोन एकर ऊस, एक म्हैस, सोसायटीचं राजकारण आणि गावातली सगळी लग्नं येतात.

वीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. आप्पा निघतात साडेसहाला आणि परत येतात नवाला. मधे कुणाची पाइपलाइन खणणं चालू असतं, कुणाचा पत्रा चढत असतो. आप्पा कडेला उभे राहून सूचना देतात. दहा मिनिटं नुसत्या सूचना. मग हात शिवशिवायला लागतात. "सर बाजूला. पार इथनं धरायची असती, अशी..." आणि मग एकदम गप्प. चेहऱ्यावर अशी शांतता पसरते की बघणाऱ्याला वाटावं, माणसाला साक्षात्कार झाला. तशात शिंक आली तर संपलंच. शिंक येणार असं कळलं की ते खांब शोधतात, खांब नसला तर माणूस धरतात. एकदा सरपंचांना धरलं होतं.

बसायला मात्र ठाम नकार. यातही ते चुकीचे नाहीत. 1960 च्या दशकात स्वीडनच्या नाकेम्सन नावाच्या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तर उभ्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. मी हे सांगून पस्तावलो. तेव्हापासून आप्पा ग्रामसभेत उभे, पंगतीत उभे, मयताला भेटायला गेले तरी उभे. कमरेवर दोन्ही हात. विठोबाची उपमा मी देत नाही, ती त्यांनी स्वतःच घेतलेली आहे.

दुसरी गोष्ट सांगून तर मी शत्रूच झालो. 1994 साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचा एमआरआय काढला. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या चकत्या कुठं ना कुठं फुगलेल्या निघाल्या. आप्पांनी फिल्म पिशवीत घातली.

"आन् त्येंचं दुखत न्हाय?"

"नाही."

"मग गॅप असून उपेग काय त्येंचा?"

आषाढात माउलींची पालखी आली. माळशिरसहून निघते, खुडूसला रिंगण होतं आणि पुढं धाव्याचा उतार लागतो. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका, म्हणून सगळ्या दिंड्या इथून वेळापुराकडं पळत येतात. काकींनी आप्पांकडून शपथ घेतली होती की लांबून बघायचं. आप्पा लांबूनच बघत होते. पण मागून टाळमृदंगासकट हजारो माणसं पळत आल्यावर लांब म्हणजे कुठवर राहणार? पुढं पट्टा आणि मागं पताका, असे आप्पा उतारानं आलेले मी या डोळ्यांनी पाहिले. साठीतला माणूस, साडीची पिशवी छातीशी धरलेली.

कमरेला काही म्हणता काही झालं नाही. संध्याकाळी मुक्कामावर पाणी वाटलं, भारूड उभ्यानं ऐकलं, घरी आले. पळताना एक चप्पल धाव्यावरच राहिली होती. म्हणून ते पलंगाखालची काढायला वाकले.

सकाळी पालखी भंडीशेगावकडं निघाली तेव्हा आप्पा पलंगावर आडवे होते आणि समाचाराला आलेल्यांना धाव्यावर कंबर कशी गेली ते सांगत होते. काकी शेक देत होत्या आणि बोलत नव्हत्या. या घरात दुखणं निम्मं-निम्मं वाटलेलं आहे. दुखायचं आप्पांनी, शेकायचं काकींनी.

आता ते परत हिंडायला लागलेत. वेळापुरात आलात आणि सदऱ्यावर पट्टा बांधलेलं कुणी दिसलं, तर तब्येत जरूर विचारा. फक्त तुमच्या हातातली पिशवी त्यांच्याकडं देऊ नका. ते मागतील.