खड्ड्यांची खातेफोड

एकत्र कुटुंब विभक्त होऊ लागले म्हणजे पंच मंडळी तांब्यापितळेची भांडी, परसातली विहीर, देव्हाऱ्यातले टाक आणि थोरल्याने गुपचूप काढून ठेवलेले कर्ज या सर्वांची यथान्याय वाटणी करतात. पण छपराला पडलेली भोके कोणाच्या हिश्शाला गेली, याचा उल्लेख मात्र कोणत्याही वाटणीपत्रात आजवर आमच्या वाचनात आलेला नाही. ही उणीव आम्हांस सांप्रत विशेष जाणवू लागली आहे; कारण १९६२ पासून एका दप्तराखाली, एका महापौराच्या छायेत आणि एकमेकांविषयीच्या अढळ संशयात नांदत आलेल्या हुबळी व धारवाड या जुळ्या नगरांची खातेफोड करण्यास कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये मान्यता दिली, ८२ प्रभागांपैकी २६ धारवाडास आणि उरलेले ५६ हुबळीस असा हिशोबही झाला, आणि तरीही इमारती, वाहने, नोकरवर्ग व येणे-देणे यांच्या याद्यांच्या गर्दीत, उभय नगरांनी सारख्याच निष्ठेने जोपासलेल्या एकमेव सामाईक मिळकतीचे नाव घेण्याचे कोणास सुचले नाही. आम्ही अर्थातच खड्ड्यांविषयी बोलत आहोत.

धारवाडकरांनी तरी या विषयाची निकड ओळखावयास हवी होती, कारण सुभाष रोड त्यांच्या पदरात पडणार आहे. हा रस्ता म्हणजे गावच्या बाजारपेठेचा कणा. लग्नाचा बस्ता, शाळेच्या वह्या, सणाचे सामान यांपैकी कशासाठी ना कशासाठी प्रत्येक धारवाडकरास येथे पाऊल घालावेच लागते, आणि ते कोठे घालावे याचा विचार करीतच तो पुढे सरकतो. विद्येचे माहेरघर म्हणून या गावाचा लौकिक मोठा असल्यामुळे, अधोमुख होऊन मंदगतीने चालणारा हा जनसमुदाय पाहून नवखा मनुष्य त्यास चिंतनमग्न विद्वानांचा मेळा समजतो, आणि पुढच्याच पावलास स्वतःही चिंतनमग्न होतो.

विद्वत्तेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९३३ साली जन्मलेल्या मनोहर ग्रंथमालेचे बिऱ्हाड याच सुभाष रोडवर आहे, आणि कन्नडातील कितीएक थोर लेखक तिच्या माळ्यावरच्या बैठकीसाठी जिना चढून गेलेले आहेत. (जिन्याच्या पायऱ्या एका मापाच्या असतात, हे त्या बैठकीच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे असा आमचा तर्क आहे.) गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ हे नाटक या ग्रंथमालेने १९६१ साली प्रकाशित केले. शापाने आलेले वार्धक्य तरुण पुत्राच्या माथी मारणाऱ्या त्या राजाची कथा मराठी वाचकास खांडेकरांच्या कादंबरीमुळे परिचयाची आहेच. नाटक छापून निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी जुळ्या नगरांची महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि आता साठी उलटल्यावर ती आपली जरा, म्हणजे अंगावरच्या सुरकुत्या, खचलेल्या बरगड्या आणि वाहते नाक यांसकट सर्व काही, अद्याप पाळण्यातही न आलेल्या पुरूच्या स्वाधीन करण्याच्या बेतात आहे. पुराणातल्या पुरूला निदान विचारण्यात तरी आले होते. शिवाय सहस्र वर्षांनी का होईना, ययातीने आपले वार्धक्य परत घेतले, तसले कोणतेही कलम प्रस्तुत व्यवहारात आम्हांस दिसत नाही.

ही त्रुटी दूर करण्याचा विडा आमच्या एका स्नेह्यांनी उचलला आहे. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून त्यांची हयात गेली असून, जगात जे जे आहे त्यास खातेदार असलाच पाहिजे या श्रद्धेवर ते निवृत्तीनंतरही जगत आहेत. “मालक ठरल्यावाचून वाटणी नाही, आणि वाटणी झाल्यावाचून बुजवणी नाही,” असे त्यांचे सूत्र आहे. म्हणून ते रोज सकाळी काठी व नोंदवही घेऊन सुभाष रोडवर जातात आणि एकेका खड्ड्याचे कूळ लावतात. जलवाहिनीचा खड्डा लांबट व सरळ असतो आणि तो रस्त्यास आडवा छेदतो. भुयारी गटाराचा खड्डा गोल असून त्याचे झाकण रस्त्याच्या पातळीहून चार बोटे वर अथवा चार बोटे खाली असते. समपातळीवरचे एक झाकण आढळले तेव्हा नजरचूक समजून त्यांनी ती नोंद खोडून टाकली. तारा पुरणाऱ्यांचा खड्डा रात्रीत उपजतो व सकाळी त्याचा बाप सापडत नाही. १७९० साली परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्यास वेढा घातला, तो सहा महिन्यांहून अधिक चालला, पण त्या वेळीही गावाभोवती इतके चर खणले गेले असतील की नाही याची आमच्या स्नेह्यांस शंका आहे. आणि भाऊंनी किल्ला हाती आल्यावर खणणे थांबविले, हा फरक ते आवर्जून नमूद करतात.

प्रत्येक खात्याकडे स्वतंत्र चौकशी करता उत्तर एकच मिळते की, खोदाई आमची, परंतु बुजवणी आमची नव्हे. रीत अशी आहे की, ज्यास रस्ता खोदावयाचा असेल त्याने तो पूर्ववत करण्याच्या खर्चाची रक्कम आधी भरावी. ती रक्कम भरली जाते, तिची रीतसर पावती मिळते, आणि भरावयाचे ते एवढेच होते असा उभयपक्षी प्रामाणिक समज असल्यामुळे खड्डा तसाच राहतो.

या सर्वांहून वेगळा, आणि श्रद्धाळूंच्या दृष्टीने अधिक पूज्य, असा चौथा वर्ग स्वयंभू खड्ड्यांचा. मलनाडाच्या टेकड्या जेथे संपतात आणि काळ्या रानाचे पठार जेथे सुरू होते त्या सांध्यावर ही नगरे वसली आहेत. काळी माती उन्हाळ्यात आकसते व पावसात फुगते, तिच्या या श्वासोच्छ्वासाने वरच्या डांबराला तडे जातात, तड्यांतून पाणी आत उतरते, आणि वाहनांच्या चाकांखाली दाबले गेलेले ते पाणी खडीवरचे डांबर अलगद सोलून काढते. एक खडा निखळला की शेजाऱ्यास आधार उरत नाही, आणि पंधरवड्यात जेथे खोलगट डाग होता तेथे टाकी होते. रस्त्याचा वैरी गाडी नसून साचलेले पाणी आहे, हे कोणताही मुकादम सांगेल. म्हणूनच रस्त्यास मध्ये उंचवटा व कडेस गटार असावे असा दंडक आहे. गटार रस्त्याहून उंच बांधले असता पाणी कोणीकडे वाहावे, याविषयी मात्र दंडक मौन पाळतो, कारण असे कोणी बांधील ही कल्पना तो रचणाऱ्यांस शिवली नसावी.

दंडक रचणारेही सामान्य नव्हते. हिंदुस्थानातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवावा ही त्या समितीची शिफारस सरकारने १९२९ मध्ये अमलात आणली, आणि पुढे १९३४ साली स्थापन झालेल्या भारतीय रस्ते काँग्रेसचे मूळही तिच्याच अहवालात आहे. सारांश, आज खड्ड्यात पडणारा दुचाकीस्वार पडण्यापूर्वीच पेट्रोलच्या पंपावर रस्त्याचे मोल चुकते करून आलेला असतो. खड्डा कसा बुजवावा याचाही या शास्त्रात विधी आहे: प्रथम तो चौकोनी कापून कडा उभ्या कराव्यात, धूळ व पाणी निपटून काढावे, तळास व बाजूंस पातळ डांबराचा हात द्यावा, आणि मग मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर दाबावा. लौकिकात रूढ असलेला विधी संक्षिप्त आहे. भर पावसात एक गाडी येते, पाटीभर मुरूम ओतते, आणि तो मुरूम पुढच्या सरीबरोबर शेजारच्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोहोचण्याच्या आत निघून जाते.

आजवर या मिळकतीवर कोणी हक्क सांगितला नाही, कारण तिचे उत्पन्न शून्य होते. पण आता तिला किंमत आली आहे, आणि ती देणाऱ्याने द्यावयाची आहे, हा मोठाच घोटाळा होऊन बसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांस ६ लाख रुपये आणि जायबंदी झाल्यास ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, व ती पुढे जबाबदार अधिकारी व कंत्राटदार यांजकडून वसूल करावी, असा हुकूम केला. धारवाड १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा तो हुकूम येथे लागू नाही, असे समाधान मानावे तर २०१९ मध्ये कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानेही बंगळुरूच्या बाबतीत अशी भरपाई मागणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे, आणि त्याच न्यायालयाचे कायम खंडपीठ खुद्द धारवाडात बसते. सीमेच्या अलीकडे काय किंवा पलीकडे काय, माणूस मेल्यावर त्याचा दर ठरविणे हे रस्त्यावर डांबर घालण्यापेक्षा आपल्याकडे सोपे जाते, आणि तेही न्यायमूर्तींना करावे लागते. दोन्ही पालिका आता ही दौलत एकमेकींस आग्रहाने देऊ करतील, आणि औदार्याची अशी चढाओढ कर्णाच्या काळानंतर प्रथमच दृष्टीस पडेल.

हे ओळखून आमच्या स्नेह्यांनी उतावीळपणे दस्तऐवजाचा मसुदाही तयार केला आहे. १८५२च्या कायद्याने या दक्षिण महाराष्ट्रात इनाम कमिशनने घरोघर सनदा मागितल्या आणि ज्यांना त्या दाखविता आल्या नाहीत त्यांची इनामे खालसा केली, हा इतिहास त्यांस तोंडपाठ असल्यामुळे, सुभाष रोडचा एकही खड्डा कागदाअभावी खालसा होऊ नये अशी त्यांना धास्ती आहे. वास्तविक तसे झाल्यास तो बुजण्याचा संभव होता, हे आम्ही त्यांच्या नजरेस आणले, परंतु त्यांनी ऐकले नाही. मसुद्यासाठी त्यांनी पेशवाईतल्या सनदेचा नमुना घेतला आहे, आणि तो इतका चपखल बसावा याचे आम्हांस नवल वाटले: ‘मौजे धारवाड येथील सुभाष रोडावरील खड्डे दरोबस्त, कुलबाब कुलकानू, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने उपभोगावे.’ जल तर मृगापासून असतेच, तृण श्रावणात उगवते, पाषाण म्हणजे सुटी खडी; काष्ठ म्हणजे रात्री कोणी पडू नये म्हणून दुकानदार जी झाडाची फांदी खड्ड्यात रोवून ठेवतात ती. निधि मंजूर आहे. निक्षेप, म्हणजे रस्ताखुदाईपोटी भरलेल्या त्या अनामत रकमा, कोठे आहेत याचा शोध घेण्याचे काम त्यांनी पंचांवर सोपविले आहे. जुन्या सनदांत ‘हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी’ असे येते, त्या जागी त्यांनी ‘हल्ली खड्डा व पेस्तर खड्डा’ असे घातले असून, पैकी हल्लीच्या खड्ड्यांचे क्षेत्रफळ काठीने मोजून भरले आहे आणि पेस्तरच्या रकान्यासाठी कोऱ्या कागदांची पुरवणी शिवून जोडली आहे.