नळ कोरडा, भिंत ओली

यवतमाळात पाणी कुठे येईल याचा नेम नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा धरणाने तळ गाठला, नळ पंधरा-पंधरा दिवस मुके झाले, आणि जो तो अंगणात हौद बांधून टँकरचं पाणी साठवू लागला. यातले काही हौद थेट घराच्या भिंतीला चिकटून बांधले गेले. पैसे मोजून घेतलेलं पाणी मग नळाला नाही, पण भिंतीला चोवीस तास मिळू लागलं.

आमच्या बैठकीतली ओल मात्र महत्त्वाकांक्षी निघाली. खालून वर चढताना तिने हुबेहूब जिल्ह्याचा नकाशा काढला. पैनगंगा ओलांडून उमरखेडात शिरली, पुसद घेतलं, दिग्रस घेतलं. दारव्ह्यापाशी आम्ही कॅलेंडर टांगलं. दिवाळीपर्यंत नेरही पडलं, तेव्हा मोठं कॅलेंडर आणलं.

ओलीवर सल्ला द्यायला शिक्षण लागत नाही. मामा म्हणाले, हवाच दमट. (मे महिन्यात कपडे दोरीवर टाकेपर्यंत वाळतात, त्या गावाची हवा!) शेजारच्या काकूंना ईशान्य कोपऱ्याचा संशय. मिस्त्रीने भिंतीकडे न बघताच निदान केलं, "कायले टेन्शन घेता जी भाऊ? पुट्टीचे दोन हात मारून देतो. ओल दिसनारच नाई." यात एक प्रामाणिकपणा होता. जाणार नाही, दिसणार नाही, एवढंच तो म्हणत होता.

खरं तर भिंतीलाच विचारावं, बाई, तू भिजतेस कधी? फक्त पावसाळ्यात भिजत असेल तर गच्ची, छज्जा, भेगा बघाव्या. आपल्या काळ्या मातीत भेगांना तोटा नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर फुकटात हलवते. बारा महिने भिजत असेल तर पाइप किंवा हौद. रात्री सगळे नळ बंद करून हौदातल्या पाण्याच्या रेषेवर खूण करायची. सकाळी रेष खाली गेली, तर चोर सापडला. आणि नेमकी एप्रिल-मेमध्ये भिजत असेल तर कूलर. खिडकीतल्या कूलरची टाकी टिपटिप गळते, वाळ्याच्या ताटीचं पाणी चौकटीवरून ओघळतं, आणि पंचेचाळीस डिग्रीत भिंत तेवढी हिल स्टेशनला असते. मामांच्या हवेसाठी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवला. थेंब आतून, भिंतीच्या बाजूने धरले. हवा निर्दोष सुटली. मामा अजून मानत नाहीत.

आमचा हौद गळत नव्हता, कूलर दुसऱ्याच खिडकीत. शेवटी बाहेर जाऊन बघितलं, तर जोतंच गायब! वडिलांनी घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या चढून आत जावं लागे. त्यानंतर गल्लीचा रस्ता प्रत्येक वेळी जुना न उखडता त्याच्याच डोक्यावर झाला. डांबर, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. पायऱ्या एकेक करून पोटात गेल्या आणि घर न हलता तळमजल्यावरून तळघराकडे निघालं. पाया आणि भिंत यांच्यामधला ओल अडवणारा थर आता रस्त्याच्या खाली होता. नालीचं पाणी त्याच्या वरूनच विटांत शिरत होतं, आणि विटा ते वर शोषत होत्या. बाहेर पडायला वाट हवी, तर आम्ही सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चोपडलेला. पाण्याला एकच दिशा उरली, नेरची.

उपाय अजिबात दिमाखदार नाही. भिंतीलगत खणून माती खाली घेतली, पाण्याला उतार दिला, आतला सिमेंटचा गिलावा खरवडला. विटांवर फुटलेला लोणा, म्हणजे मीठ, कोरड्या ब्रशने झाडला. धुतला असता तर मीठ विरघळून पुन्हा विटांत गेलं असतं. भिंत वाळली की मग चुन्याचा गिलावा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. नऊ इंची भिंत वाळायला कित्येक महिने लागतात, उन्हाळा यवतमाळचा असला तरी. तोवर पाहुण्यांना उघड्या विटा दाखवून "अँटिक लूक" म्हणायचं.

मिस्त्रीने काम मन लावून केलं. पैसे घेताना भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "आता कशी कोरडीठक झाली! पुट्टी मारून देऊ का जी?"