दार लोटून घ्या, मांजर आहे

जालन्यात कुळाची चौकशी तीन ठिकाणी होते: बियाण्याच्या दुकानात, बैलबाजारात आणि सोयरिकीच्या बैठकीत. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हापासून तर ‘वाण कोणतं?’ हे आमच्या तोंडातच बसलंय. म्हणून लेकीनं पुण्याहून पर्शियन मांजर आणलं, तेव्हा ‘कित्ती गोड!’ वगैरे कुणी म्हटलं नाही. समोरच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “सरळ वाण का हायब्रीड?”

प्रश्न बिनतोड होता. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशानं १६२० च्या सुमारास इराणातल्या खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचं मोठं कौतुक लिहून ठेवलंय. पुढं १६२३ मध्ये तो सुरतेला उतरला, गोव्याच्याही पुढं गेला. जालन्याकडे काही फिरकला नाही. पण आज पर्शियन म्हणून जे विकलं जातं, त्याची घडण इंग्लंड-अमेरिकेतली. जनुकं तपासली तर ती युरोपातल्या मांजरांच्याच जवळची निघतात. काकांना हे सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मग बोगस बियाणंच की.”

तशी फारसी जालन्याला परकी नाही. अकबराच्या दरबारातला अबुल फझल काही काळ इथं राहिला होता असं म्हणतात, आणि त्याचं ‘अकबरनामा’ फारसीतलंच. आमची फारसी मात्र काही लिहीत नाही. ती झोपते. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ झोपते आणि उरलेल्या वेळात झोपून दमल्याचा चेहरा करून बसते. लेकीनं नाव ठेवलं ऑलिव्हिया. आईच्या दप्तरी बैल सर्जा, कुत्रा मोत्या आणि मांजर मनी एवढ्याच नोंदी आहेत, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी “ये गं मने” सुरू झालं. सुट्टी संपल्यावर लेक पुण्याला गेली. ऑलिव्हिया तिच्या फोनमधल्या फोटोंत गेली, मनी आमच्याकडे राहिली.

स्वभावानं अत्यंत गरीब. उचलून खांद्यावर टाकली की उपरण्यासारखी लोंबत राहते. झुरळ दिसलं तर बाजूला सरकून त्याला वाट देते. असलं जनावर आमच्या गल्लीत सोडायचं म्हणजे पहिल्या कोपऱ्यावरच्या कुत्र्यांनाही लाज वाटेल. तेव्हा मांजर घरातच ठेवायचं, असं ठरलं. ठरवायला काही लागत नाही हो. अडचण आहे ती दाराची.

आमच्याकडे दार सकाळी उघडतं ते रात्री अंथरुणं पडताना लागतं. दिवसा लावलेलं दिसलं तर ‘कोण आजारी आहे?’ हे विचारायला चार जण येतात आणि जाताना दार सताड उघडं टाकून जातात. दूधवाला, भाजीवाली, वर्गणीवाले, मिक्सरचं भांडं मागायला येणारी वहिनी, यांच्यापैकी कुणालाही ‘लोटून घ्या’ म्हणणं म्हणजे ‘येऊ नका’ म्हणणंच. त्यात नळाला पाणी येण्याचा दिवस! तो आमच्याकडे पंचांगात नसला तरी सणच असतो. मोटर लागते, पाइप उंबऱ्यावरून थेट रस्त्यापर्यंत जातो आणि पाइप आडवा असला की दार मिटत नाही. अशा दिवशी मनी, तिची वाटी आणि आई अशा तिघी आतल्या खोलीत कडी लावून बसतात. आई म्हणते, “लेकरू झालं तव्हा बी येवढी कोंडून नव्हते.”

शेवटी जाळीचं दुसरं दार बसवायचं ठरवलं. जालन्याची सळई देशभर जाते, तेव्हा आमच्या दारापर्यंत यायला तिला काय अडचण! वेल्डर आला, मापं घेतली, खिडक्या आणि गॅलरीही धरायची म्हटल्यावर थबकला. “साहेब, आत काय ठेवायचंय? बिबट्या?” मी मनी दाखवली. ती पाठीवर पडून पंख्याकडे बघत होती. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि भाव वाढवून सांगितला. गॅलरीला कशाला, हाही त्याचा मुद्दा होता. मांजर कुठूनही पडलं तरी पायांवरच पडतं म्हणे. पडतं, खरंय. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली होती. त्यांतली नव्वद टक्के जगली. पण छातीला मार, जबडा फुटलेला, पाय मोडलेले, असं पुष्कळ. पायांवर पडणं वेगळं आणि त्या पायांवर चालत घरी येणं वेगळं. सळयांमधलं अंतर किती ठेवायचं, एवढाच प्रश्न उरला. जिथून डोकं जातं तिथून मांजर जातं. आणि पर्शियनच्या डोक्यातलं निम्मं केसच असतात, त्यामुळे नुसत्या नजरेचा अंदाज चालत नाही. आत बारीक जाळी मारून घेतली.

आमचे एक मामा आले की ठरलेलं वाक्य टाकतात: “मुक्या जनावराला कामून कोंडलं? पाप लागंल.” मामांनी एकदा संध्याकाळी सहाला थांबून बघावं. पंखा पुसायच्या काठीला दोरी, दोरीला मोरपीस. पीस सोफ्यामागं सरकलं की मनीचे डोळे काळेभोर होतात, पोट जमिनीला टेकतं, मागचा भाग डावी-उजवीकडे हलायला लागतो आणि मग ती झेप घेते, बहुतेक वेळा माझ्या पायावर. दहा मिनिटं असं झालं की जेवण. शिकार, भोजन, निद्रा या क्रमानं दिवस गेला तर घरातलं मांजर सुखी राहतं. त्याशिवाय लागतो एक खोका. महागडं मांजरघर आणलं होतं, त्यात आता आई लोकर ठेवते. मनी बियाण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात राहते. खिडकीपाशी एक फळी मारून दिलीय. तिथून समोरच्या तारेवरचे पारवे दिसतात, आणि गल्लीतला एक कानफाट्या बोका रोज येऊन जाळीबाहेर बसतो. मनीचं ऑपरेशन झालंय, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

वाळूचं प्रकरण वेगळंच. मांजराच्या संडासाला ओली झाली की गोळा होणारी खास वाळू लागते, ती कुरिअरनं येते. पहिली गोणी आली तेव्हा काका फाटकातच होते. “वाळू? ती बी पावतीची?” आमच्या जिल्ह्यात गोदावरीची वाळू रात्री अंबड-घनसावंगीकडून टिप्परनं धावते, तहसीलदार मागे धावतात. दिवसाढवळ्या, छापील पिशवीत, सुगंधी वाळू घेणारा माणूस काकांनी जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ते मला जरा आदरानं वागवतात, किंवा माझ्या डोक्याबद्दल त्यांची खात्री झाली असेल.

घर आमचं शाकाहारी. इथं आईनं सुरुवातीला दूध-पोळीचा कार्यक्रम केला. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही. आणि लांब केसांच्या मांजराला जुलाब झाले की काय होतं, हे ललितलेखात लिहिता येत नाही. मांजराला मांस लागतंच. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातून मिळतं, ते नसेल तर हृदय आणि डोळे दोन्ही जातात. आता तिच्या डब्याचं खाद्य मागच्या ओट्यावर, वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्यानं वाढलं जातं आणि आई त्या वेळी जप करते. खरा धक्का आईला वेगळाच बसला: मनीनं प्रसादाचा पेढा हुंगून तोंड फिरवलं. मांजराला गोड चव कळतच नाही. त्या चवीचं जनुकच त्याच्यात मोडलेलं आहे, हे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. आईला मी ते सांगितलं. “मागच्या जन्माचं काहीतरी असंल,” ती म्हणाली आणि माळ पुढं ओढली.

उन्हाळ्यात मात्र चेष्टा नाही. पारा चाळिशी ओलांडतो आणि या बसक्या नाकाच्या जातीला धापा टाकूनही अंग गार करता येत नाही. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर वाट बघायची नसते, दवाखाना गाठायचा. आमच्याकडे कूलर पहिला तिचा, उरलेला वारा आमचा. वीज गेली की ती माठाला पाठ लावून बसते. दुसरं म्हणजे आपल्या डोकेदुखीची, तापाची गोळी. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ‘अर्धीच दिली’ म्हणणारे प्रेमळ शेजारी कुत्र्यांपेक्षा जास्त धोक्याचे.

डोळ्यांतून तिच्या सतत पाणी. चपट्या तोंडाचा तो भोग आहे, रोज कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसावे लागतात. आईचा सल्ला सरळ होता: “गणपती नेत्रालयात दाखवून आण.” जालनेकराला डोळ्यांसाठी दुसरा पत्ता ठाऊक नाही. मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत पोट फुगलेली मराठवाडी म्हैस, दोन उस्मानाबादी शेळ्या आणि टोपलीत आमची मनी. म्हशीच्या मालकानं टोपलीत डोकावून व्यवहाराचा प्रश्न विचारला, “देते काय?”

“केस,” मी म्हणालो.

ते ती भरपूर देते. काळी पँट आमच्या घरातून कायमची गेली. रोज विंचरलं नाही तर काखेत गाठी होतात, त्या ओढल्या की इतकं गरीब मांजरही पंजा दाखवतं.

आमच्याकडे जरूर या. फक्त आधी फोन करा, बाहेरच्या दारातून आत आलात की ते लावून घ्या, मगच मी जाळीचं उघडतो; या मधल्या जागेत दोन माणसं मावतात, तिसऱ्यानं पायरीवर थांबावं. नळाच्या दिवशी येऊ नका. पेढे आणलेत तर चालतील, मनी गोड खात नाही, मी खातो.