नाचता येईना, डिस्क वाकडी

ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरू लागलं की ठाणेकराला निदानासाठी फार लांब जावं लागत नाही. "साहेब, डिस्क बेंड झालीये." हे सांगायला गाडीचं चाक काढावं लागत नाही, जॅक लावावा लागत नाही. गाडीची काच खाली होता होताच वाक्य कानावर येतं. माजिवड्याला येतं, मानपाड्याला येतं, कल्याणला पत्रीपुलाच्या अलीकडे येतं आणि पलीकडेही येतं.

मग दुसरा प्रश्न, लेथ मारायची की नवी टाकायची? कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं, दोन्ही डिस्क बदला, पॅड बदला, आणि एसीचं फिल्टरही काळं झालंय. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, कशाला बदलता, घासून आणतो, संध्याकाळी या. ऐकणाऱ्याला वाटतं, या दोघांचं कट्टर वैर आहे. तसं काही नाही. न मोजता सांगायचं, यावर दोघांचं पूर्ण एकमत आहे.

डिस्क बिडाची असते. बीड सहजासहजी वाकत नाही, फार छळलं तर तडकतं. कॅरल स्मिथ नावाच्या नाणावलेल्या रेसिंग इंजिनिअरनं तर लिहूनच ठेवलंय की 'वाकलेली डिस्क' म्हणून जे दाखवलं जातं ते बहुतेक वेळा पॅडचं मटेरियल डिस्कवर कमीजास्त चिकटल्याचं प्रकरण असतं. फरक किती पुरतो? माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड. डिस्कच्या जाडीत याच्या निम्म्याहूनही कमी फरक पडला तरी पेडल बोलायला लागतं. आणि आमचे मेकॅनिकदादा हा फरक गुटख्याची पुडी फोडता फोडता, उभ्या उभ्या, रिमच्या फटीतून बघून सांगतात. या नजरेची माणसं आपल्याकडे आहेत आणि आपण दुर्बिणी परदेशातून मागवतो.

गाडीवाला मात्र खूश असतो. डिस्क वाकली म्हणजे दोष डिस्कचा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्यांनी काढली त्यांनी घोडबंदर रोडवर गाडी चालवली नव्हती, तरी म्हण तिथंच फिट्ट बसते.

थोडं गणित करू. एक टनाची गाडी साठच्या वेगावरून थांबवली की साधारण 139 किलोज्यूल उष्णता तयार होते, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क गिळतात. अशी दोनदा थांबवलीत तर तेवढ्या उष्णतेत लिटरभर चहाचं आधण जवळजवळ उकळीला येईल. पण वेग निम्मा केला की ही उष्णता चौथाई होते. पंधराच्या वेगात तर सोळावा हिस्सा. म्हणजे तीन हात नाक्यावर संध्याकाळी सात वाजता जे काही चाललेलं असतं, त्यानं माणूस तापतो, डिस्क नाही. ट्रॅफिकला या गुन्ह्यातून निर्दोष सोडावं लागेल. ट्रॅफिकच्या नशिबी असे निकाल फार नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

खरा उद्योग होतो तो ट्रॅफिक सुटल्यावर. अर्धा तास रखडलेला माणूस वाघबीळच्या पुलावर चढला की त्याला वाटतं, हरवलेला अर्धा तास इथंच वसूल करायचाय. ऐंशी. म्हणजे एका थांब्याला 247 किलोज्यूल. पूल उतरतो, सिग्नल लाल, कचकन ब्रेक, आणि मग नव्वद सेकंद पाय पेडलवर गच्च. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला एकाच जागी दाबून धरलेला. तिथं त्याचा ठसा उठतो. पुढच्या सिग्नलला दुसरा. सपाट रस्त्यावर पेडल जरा हलकं धरलं, गाडी हातभर पुढे सरकू दिली, नाहीतर हँडब्रेक ओढून पाय काढला, तरी बरंच टळतं. पण हातभर पुढे सरकायला पुढे हातभर जागा लागते आणि तिथं तोवर रिक्षा आलेली असते.

कल्याण-डोंबिवलीकरांची तऱ्हा वेगळी. त्यांचा पावसाळा मुरबाडमार्गे माळशेजला जातो. चढताना इंजिनावर जोर, उतरताना ब्रेकवर. घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा, हे ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं सांगितलेलं असतं, पण लायसन मिळाल्यावर ते कोण लक्षात ठेवतं. चौथ्या गिअरात, पेट्रोल वाचवत, पाय सतत ब्रेकवर. मग खाली जळका वास येतो. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, शेतात काय जाळतात हो एवढं? शेतात काही जाळत नाहीत, काकू. पॅड आहेत. आणि तेवढ्यात समोर पाण्यानं भरलेला खड्डा, म्हणजे तापल्या डिस्कवर थंड पाणी.

याहून गमतीचा गुन्हेगार तर संशयितांच्या यादीतच नसतो. तो म्हणजे पंक्चरवाला. हवेची गन घेऊन तो चार नट असे आवळतो की पुन्हा उघडताना पाईप लावून त्यावर उभं राहावं लागतं. लहान गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरचा जोर पुरतो. मॅन्युअलमध्ये नेमका आकडा छापलेला असतो. तो मोजणारा पाना पंक्चरच्या टपरीवर शोधून दाखवा. नट कमीजास्त आवळले की डिस्क हबवर किंचित तिरकी बसते. हबवर गंज असेल तरी तेच, आणि आपल्याकडे चार महिने गंजाचा हंगाम असतो. तिरकी डिस्क लगेच थरथरत नाही. प्रत्येक फेरीला तिची एकच बाजू पॅडला घासून जाते, तिथं ती झिजते, आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल बोलतं. गन जूनमध्ये चाललेली असते, थरथर गणपतीत येते. पंक्चरवाल्यावर संशय घेणार कोण? उलट त्याच्याकडे बाप्पाची वर्गणी देऊन येतात.

आता लेथ. वागळे इस्टेटच्या आतल्या गल्ल्यांत अजून काही लेथ फिरतात. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली, तिची ही पहिलीवहिली वसाहत. आज जिथं काचेच्या इमारतीत मुलं रात्रपाळीला अमेरिकेशी बोलतात, त्याच रस्त्यावर एखाद्या अर्ध्या शटरच्या आत आयटीआय झालेला टर्नर उभा असतो. डिस्क चकमध्ये धरतो, डायल लावतो, एका हातानं चक फिरवत काट्याकडे बघतो. बोलत नाही. काटा हलला की खडूनं डिस्कवर एक फुली मारतो. मग टूल पुढे घेतो, बारीक करडी भुकटी पडते, अख्ख्या डिस्कभर एकदा टूल फिरलं की थांबतो. व्हर्नियर लावतो, आकडा खडूनंच डिस्कवर लिहितो. या साखळीत मोजणारा हा एकटाच माणूस, आणि सगळ्यात कमी पैसे त्यालाच.

पण त्याची अडचण अशी की डिस्क त्याच्या लेथवर सरळ होते. गाडीच्या हबवर ती सरळ बसेल याची हमी त्याच्याकडे नाही. नाक्यावरचा मेकॅनिक ती गंजक्या हबवर, कानस न फिरवता, परत चढवतो आणि गन मारतो. दोन महिन्यांनी गाडी पुन्हा दारात. "साहेब, मी तेव्हाच म्हटलेलं, नवी टाका."

शिवाय दरवेळी लेथ मारली की डिस्क बारीक होते. महापालिका रस्त्याचं रिसरफेसिंग करते तेव्हा थरावर थर चढतो आणि जुन्या सोसायट्यांचा तळमजला खाली जातो. डिस्कचं नेमकं उलटं. नवी जाडी आणि किमान जाडी यांत लहान गाड्यांना जेमतेम दोनेक मिलिमीटरचं अंतर असतं. त्याखाली गेली की ती फेकायची. तडे दिसले, तरी फेकायची. काही ठिकाणी डिस्क इतकी तापते की बिडातच कडक डाग तयार होतात, ते आत खोल उतरलेले असतात. वरून लेथ फिरवून ते जात नाहीत. तिथं सर्व्हिस सेंटरवाला बरोबर. चुकून का होईना.

मग नवी बसवतो. दोन्ही बाजूंना, नव्या पॅडसह. आणि बहुतेक पॅड बनवणारे सांगतात की आता पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घ्या. साठवरून दहापर्यंत वेग उतरवा, असं आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक शक्यतो न दाबता जा, म्हणजे सगळं निवेल.

काही किलोमीटर. ब्रेक न दाबता. कल्याण-शीळ रस्त्यावर. हे लिहिणाऱ्यानं काटई नाका नकाशात पाहिला असावा, तोही लहानात. घोडबंदरला रात्री दोन वाजता जमेल म्हणावं, तर तेव्हा गुजरातकडे निघालेले कंटेनर असतात आणि ते मागे लागल्यावर साठवरून दहावर येण्याची हिंमत होत नाही. माणकोली पूल पहाटे बरा आहे, असं डोंबिवलीतले जाणकार सांगतात. रस्त्यांपुढे ब्रेकनं हात टेकणं तसं जुनंच. फ्रेडरिक लँचेस्टरनं 1902 मध्ये इंग्लंडात डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचे पॅड तांब्याचे होते आणि तिथल्या धुळीच्या रस्त्यांनी ते झिजवून टाकले. बिचाऱ्यानं भिवंडी बायपास बघितला असता तर पेटंटच घेतलं नसतं.

किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, बहुधा मधल्या टोपीवर किंवा कडेला. हबला लावायचं डायल गेज काही हजारांत येतं, म्हणजे एका डिस्कजोडीच्या आसपास. पुढच्या वेळी कुणी 'बेंड' म्हटलं, तर फक्त विचारून बघा, जाडी किती भरली, रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते, तो किती आला. उत्तर मिळणार नाही. पण सर्व्हिस सेंटरमधला तो टाय लावलेला मुलगा तुमच्याकडे एकदा बघेल, कॉम्प्युटरकडे एकदा बघेल आणि जॉब कार्डावर काहीतरी टाईप करेल. वाकून वाचलंत तर दिसेल: 'कस्टमर टेक्निकल आहे, मॅनेजरला बोलवा.'