भाचेबुवांची उभयचर गाडी

पाण्यात जाणाऱ्या गाडीबद्दल माणसं सगळं विचारतात. इंजिन किती सीसीचं, टायर केवढे, ॲव्हरेज काय देते. बूच कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. दारव्ह्याच्या आमच्या भाचेबुवांनीही विचारलं नव्हतं. थार घेतली आणि पहिल्याच फोनवर मला सांगितलं, "मामा, हे पान्यातबी चालते!"

पाण्यात चालणं वेगळं आणि पाण्यातून चालणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीपला होडीचं अंग चढवून फोर्ड जीपीए काढली, सहा चाकांचे 'डक' काढले. ते खरे उभयचर. आपल्या लष्कराकडे हल्ली माणसाएवढ्या टायरांचं 'ॲटोर' आहे. 2025 साली पंजाबातल्या पुरात ते तरंगत जाऊन माणसं घेऊन आलं. होडीच्या अंगाच्या गाड्यांना तळाशी भोकं असतात, भोकांना बुचं. पाण्यात उतरण्याआधी लावायची, बाहेर आल्यावर काढायची. हा क्रम चुकला की उभयचराची पाणबुडी होते.

थारची बुचं निराळ्या कामाची. आत चिखल झाला की नळी लावून तळ धुवायचा, बूच काढायचं, पाणी खाली सोडायचं. सोय झकास आहे, पण भोकाला आतलं-बाहेरचं कळत नाही. कंपनीच्या कागदावर गाडीखालची मोकळी जागा 226 मिलिमीटर आणि पाण्यातून जायची मुभा 650 मिलिमीटरपर्यंत. म्हणजे पाणी गाडीच्या पोटाला लागणार हे कंपनीलाही मंजूर. त्याला बाहेर थोपवायचं ते दाराच्या रबरानं आणि बुचानं.

खांदशेकणीच्या दिवशी शेजारी बैल धूत होते, म्हणून भाचेबुवांनी गाडी धुतली. बूच काढून कठड्यावर ठेवलं. ते कोणी नेलं, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, ताई नैवेद्य घेऊन पुढच्या सीटवर बसली आणि शेताच्या वाटेवरच्या नाल्यात गाडी उतरली. पाणी दारातून आलं नाही. थेट ताईच्या पायाखालून आलं. तिनं पाय सीटवर घेतले, पुरणपोळीचं ताट डोक्यावर धरलं आणि चिरंजीवांना जे ऐकवलं ते सणासुदीला छापण्यासारखं नाही.

नवं बूच यवतमाळहून मागवलं, पण तोवर दम कोणाला? आमच्या जिल्ह्यात कोणत्याही भोकावर पहिला उपाय कापूस. पण कापूस पाणी अडवत नाही, पितो. मग एम-सीलचा प्रस्ताव आला. ते कायमचं चिकटणार, पुढे तळ धुवायचा कसा? नळवाल्याने सुतळी-सफेदा सुचवला. पण सुतळी गुंडाळायला आटे लागतात, इथे पत्र्याला नुसतं गोल भोक.

शेजारचे आजोबा शकुंतला रेल्वेच्या इंजिनावर होते. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनातून जाणारी ही गाडी 1994 पर्यंत वाफेवर चालली. बूच हा शब्द कानी पडताच ते खुर्ची घेऊन आले. "आमच्या इंजनात शिशाचं बूच राये. बॉयलरातलं पानी कमी झालं का शिसं वितये, वाफ आगीवर येये. बूच जाये, पन मानूस वाचे." माहिती पहिल्या प्रतीची होती. गाडीला उपयोग शून्य.

शेवटी मिस्त्री आला. त्यानं भोकात बोट फिरवून आधी काठावरचा चिखल काढला. "मातीचा कन रायला तं सोन्याचं बूच लावा, पानी येनारच." मग इकडे-तिकडे पाहून दारातली एक स्लीपर उचलली. ब्लेडनं तिच्या तळव्याचा गोल तुकडा कापला, भोकापेक्षा किंचित मोठा. कडेनं पत्रा बसेल एवढी खाच कोरली. साबण लावला, गाडीखाली शिरला आणि अंगठ्यानं दाबत दाबत तुकडा बसवला. बाहेरची कड त्यानं मुद्दाम रुंद ठेवली होती. पाणी खालून जितकं रेटेल, तितकी ती पत्र्याला घट्ट बसते. बादलीभर पाणी मारून पाहिलं, थेंब आला नाही.

भाचेबुवा खुलले. "आता बोरी अरबच्या पुलावर अडानचं पानी असलं तरी जातो!"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "जाजो. पन आता गाडीत पानी शिरत नाही, म्हनजे ते लवकर तरंगते. तरंगली का स्टेअरिंगचं कोन आयकते?"

मिस्त्री शाळा किती शिकला ते माहीत नाही, पण आर्किमिडीजशी त्याचं जमलं असतं. 650 मिलिमीटरचा आकडा नदीच्या धारेला लागू नाही. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारींना, जाडजूड एसयूव्हींनासुद्धा, उचलून नेतं. त्या क्षणी गाडी खरोखर उभयचर होते; फक्त सुकाणू आणि वल्हं कंपनी देत नाही. ताईनं लगेच फर्मान काढलं: पुलावर पाणी दिसलं की किल्ली देवघरात.

स्लीपर ताईची होती, हे तिला संध्याकाळी कळलं. कोणाकडे निळ्या पट्ट्याची, सात नंबरची, उजव्या पायाची एकच उरली असेल तर कळवावं. डावी शाबूत आहे.